शेंगा, टरफलं आणि चार घमेली युरिया

लोकांच्या नाकावर राग असतो, माझ्या नाकावर एकतीस वर्षं नोकरी होती. साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होते. रोज सकाळी परतूरला कारखान्याची जीप यायची, घनसावंगी तालुक्यातल्या त्या माळावर मला सोडायची आणि संध्याकाळी परत आणून टाकायची. मधल्या वेळात मी मळी, फेस आणि स्पिरिट यांचे वास घ्यायचे आणि काय कळलं ते कागदावर लिहायचे. यंत्रं होती, नाही असं नाही. पण यंत्राला नमुना दिला की उत्तर यायला तास जायचा. नाकाला एवढा वेळ लागत नसे.

सासरी माझी नोकरी सांगताना जरा पंचाईत व्हायची. सासूबाई पाहुण्यांना "सून साखर कारखान्यात साहेब हाय" एवढंच सांगून विषय बदलायच्या. एका लग्नात कुणा आगाऊ बाईनं, "म्हंजी दारूच्या भट्टीत ना?" असं विचारलंच. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "भट्टी न्हाई, प्रयोगशाळा हाय. अन् ती पीत न्हाई, फक्त वास घेती." त्या बाईचं समाधान झालं की नाही, माहीत नाही. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मात्र पुढं कुणी केलं नाही.

या नाकाची कीर्ती बाहेरही गेली होती. मोसंबीची बाग असलेले एक शेतकरी एकदा पाच लिटरचा कॅन घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. गळलेली फळं वाया जातात म्हणून त्यांनी रस काढून घरीच ठेवला होता. "मॅडम, वाईन झाली का बघा बरं." मी झाकण काढलं आणि लगेच लावलं. म्हटलं, "काका, व्हिनेगर झालंय. लोणच्यात घाला." ते नाराज होऊन गेले. महिनाभरानं पुन्हा आले, लोणच्याची बरणी घेऊन. लोणचं फर्मास झालं होतं.

आता कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढची हकीकत कळायची नाही.

साखर काढून झाल्यावर उसाच्या रसातून जे काळं, घट्ट, चिकट उरतं ती मळी. ती पाण्यात पातळ करून दोनमजली घराएवढ्या टाकीत भरतात आणि तिच्यात यीस्ट सोडतात. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इवलासा जीव. पावाचं पीठ फुगतं ते याच्यामुळेच. यीस्ट मळीतली साखर खातं आणि स्पिरिट बनवतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नुसत्या साखरेवर कुणाचं भागतं का? अंग धरायचं, एकाचे दोन व्हायचे, तर नायट्रोजन लागतो. आपल्याला भाकरीबरोबर वरण लागतं तसंच ते. म्हणून टाकी भरली की तिच्यात युरिया विरघळवून घालतात. आमच्याकडे माप ठरलेलं होतं, एका टाकीला चार घमेली.

तो युरिया नाही मिळाला, तर यीस्ट काही हातावर हात ठेवून बसत नाही. मळीत अमिनो आम्लं असतात. प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात ते हे सुटे तुकडे, आणि प्रत्येकाच्या अंगाला थोडा नायट्रोजन चिकटलेला. यीस्ट तो काढून घेतं. हे सगळं कॉलेजात मी तोंडपाठ केलं होतं, कळलं मात्र पुढं जत्रेत भुईमुगाच्या शेंगा खाताना. युरिया म्हणजे सोललेले दाणे, तोंडात टाकले की झालं. अमिनो आम्ल म्हणजे अख्खी शेंग. यीस्ट ती फोडतं, नायट्रोजनचा दाणा काढून घेतं आणि कार्बनचा जो सांगाडा उरतो, ते टरफल, त्याची त्याला गरज नसते. टरफल पोटात ठेवून चालत नाही. मग त्यातला थोडा कार्बन वायूच्या रूपानं सोडून देतं, बाकीच्याचं एक जडसं अल्कोहोल बनवतं आणि बाहेर टाकतं. या टरफलांच्या ढिगाला आमच्या धंद्यात फ्युजेल ऑइल म्हणतात.

शेंग बदलली की टरफल बदलतं. ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लाच्या टरफलाला उग्र, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याकडे झुकणारा वास असतो. फिनाइलअॅलनिनचं टरफल तर चक्क गुलाबाचा वास देतं. यीस्टच्या आवडीनिवडीही असतात. सोपी अमिनो आम्लं आधी संपवतं, अवघड मागे ठेवतं, आणि प्रोलीन नावाच्या एकाला टाकीत हातच लावत नाही, कारण ते फोडायला हवा लागते आणि भरल्या टाकीत हवा नसते. थोडं फ्युजेल प्रत्येक टाकीत निघतंच. उकळायच्या मनोऱ्यात ते मधल्या मजल्यावर वेगळं काढता येतं. पण फार झालं की काही वर निसटतं आणि शुद्ध स्पिरिटात उतरतं. जत्रा उठल्यावर मैदानातली टरफलं बघून शेंगा किती खपल्या ते सांगता येतं ना, तसं वासावरून मला टाकीत काय झालं ते सांगता यायचं. याचा मला अभिमान होता. जरा जास्तच होता.

टाक्या भरायचं काम सकाळच्या पाळीत चालायचं आणि त्या पाळीचे मुकादम होते अंबादासभाऊ. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांचं गाव. घरी चार एकर जमीन, आणि डिस्टिलरीत पंचवीस वर्षं झालेली. माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठे, बोलायला कमी. टाकीच्या पत्र्याला कान लावून ते आत काय चाललंय ते ऐकायचे. बुडबुड्यांचा आवाज एकसारखा आला की पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "हां, बराबर चालू हाय." त्यांच्या टाक्या सहसा बिघडत नसत. आम्ही दोघं मिळून ती डिस्टिलरी चालवतो असं आम्हाला दोघांनाही वाटायचं. एकमेकांना सांगितलं मात्र कधी नव्हतं.

गोष्ट घडली त्या वर्षी दत्तजयंती नुकतीच झाली होती. ऊस जोरात चालू होता, मळी ताजी होती, टाक्यांना असा फेस येत होता की झाकणं उचलली जायची. सगळं झकास चाललंय अशा समजुतीत मी होते. तेवढ्यात सय्यदभाई आले.

सय्यदभाई म्हणजे जालन्याचे अत्तरवाले. माल थोडाच न्यायचे, पण आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत चोखंदळ. स्पिरिटचे चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळायचे, सुकू द्यायचे आणि मग डोळे मिटून वास घ्यायचे. त्यांच्या अत्तरात स्पिरिटचा स्वतःचा वास बिलकुल चालत नसे. त्या दिवशी ते आदल्या आठवड्यात नेलेली पिंपं टेम्पोत घालून परत घेऊन आले होते.

"मॅडम, आप के माल में केला आ गया," ते म्हणाले. "मैं मोगरा बेचता हूँ. केला कौन लगाएगा बदन को?"

मी हसले, पण तळहातावर थेंब घेतल्यावर हसू गेलं. केळं होतं. माझ्याच प्रयोगशाळेतून तो माल पास होऊन गेला होता. त्या दिवसांत मला सर्दी झाली होती आणि मी यंत्राच्या आकड्यावर सही केली होती. आकडा मर्यादेच्या काठावर होता, पण आत होता. सय्यदभाईंना मात्र काठ नको होता. शिवाय पुढच्या आठवड्यात एका औषध कंपनीचे टँकर भरायचे होते. तोही माल असाच गेला असता तर गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं.

मी टाक्यांकडे गेले. फेस उत्तम. फ्युजेल साठतं त्या भांड्याची काचनळी पाहिली तर तेलाची पातळी नेहमीच्या दुपटीला. टाकीतला नमुना काढून हुंगला. आंबट वासामागे गुलाबाची पुसट झाक. मग युरियापासून बनणारा अमोनिया किती उरलाय ते तपासलं. जवळजवळ नव्हताच. गोष्ट उघड होती. यीस्ट शेंगा फोडून खात होतं, म्हणजे त्याला सोललेले दाणे मिळत नव्हते.

दुपारी जनरल मॅनेजरांच्या केबिनमध्ये सगळे जमले. मॅनेजर बाहेरगावचे, शिस्तीचे, मोजकं बोलणारे. मळी खराब आहे का, मनोऱ्यात दोष आहे का, अशी चर्चा चालली होती. मी थांबले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "मळी चांगली आहे, मनोराही चांगला आहे. यीस्टला युरिया मिळालेला नाही. निदान तीन आठवडे."

केबिन गप्प झाली. खरं सांगायचं तर त्या शांततेचं मला सुख वाटलं. नाकानं हुंगून एवढं सांगणारी दुसरी कोण आहे इथं, असं मनात आलं. आणि त्याच शांततेत स्टोअरच्या माणसानं रजिस्टर उघडलं. तीन आठवडे युरियाची पोती रोजच्या रोज स्टोअरमधून गेली होती. टाकीच्या रजिस्टरात रोज 'चार घमेली दिली' अशी खूण होती आणि खुणेपुढे अंबादासभाऊंची सही होती.

ते दिवस गहू-हरभऱ्याला युरिया द्यायचे. पिंपळगावच्या दुकानांसमोर माणसं दोन-दोन दिवस रांगेत उभी होती. आमच्याकडे यायचा तो कारखान्यासाठीचा युरिया, पोतं वेगळं, पण गव्हाला काही पोतं वाचता येत नाही. सगळ्यांना एकदमच एकच गोष्ट सुचली. अंबादासभाऊंना बोलावलं. मॅनेजर म्हणाले, "युरिया टाकीत गेला नाही. मग कुठे गेला?"

"इकला न्हाई, साहेब," अंबादासभाऊ म्हणाले.

"कुठे गेला ते विचारतोय मी."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, शरमले. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं सांगून त्यांना गेटबाहेर पाठवलं. जाताना मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे चोर सापडला." मुख्य केमिस्टची जागा त्या मार्चमध्ये रिकामी होणार होती आणि ती मला मिळेल असं सगळेच धरून चालले होते. त्या दिवशी तर माझीही खात्री झाली.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न सुटेना. पंचवीस वर्षं ज्या माणसानं स्टोअरमधली सुतळी घरी नेली नव्हती, तो पोत्यानं युरिया विकेल? आमचे हे शाळेत शिक्षक. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला प्रश्न पडलाय ना, मग इथं बसून काय करतेस? जाऊन विचार." रविवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि आम्ही अंबादासभाऊंच्या गावी गेलो.

ते शेतावर होते. बांधावर पोचले आणि मी गव्हाकडे बघत राहिले. मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे, गहू कधी काय मागतो ते मला कळतं. शेजारच्या रानात गहू काळाभोर हिरवा उभा होता. अंबादासभाऊंचा गहू पिवळा पडला होता, खालची पानं तर पार करपलेली. त्या गव्हाला युरियाचा दाणा मिळालेला नव्हता.

"तुमच्याच गव्हाला युरिया नाही?" मी विचारलं.

"रांगंत माझा भाऊ दोन दिस उभा व्हता. नंबर यायच्या आधीच संपला."

"आणि कारखान्यातली पोती?"

त्यांनी पायानं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "हायेत. कारखान्याच्याच जुन्या पंपहाउसमधी. एकोणतीस. एक बी फोडलं न्हाई."

मला काही समजेना. मी खालीच बसले, बांधावर. ते उभ्यानंच सांगायला लागले.

"औंदा टाक्या लई माजल्या, मॅडम. फेस बघितला का तुमी? असं पीक माजल्यावर कुणी खत देतं का? गव्हाला जास्ती युरिया झाला की लोळतो. मी आधी दोन घमेली कमी केली. तरी टाकी बराबर चालली. मंग बंदच केलं. म्हणलं, नड पडली तर देऊ, पोती बाजूला असू द्या. हितं लोकं एका पोत्यासाठी रांगंत मरून राह्यले, अन् मी माजलेल्या टाकीत घमेल्यानं ओतू? हात होईना माझा."

"मग केबिनमध्ये का नाही सांगितलं?"

"काय सांगू? पोती दाखवली असती तर म्हणले असते, दडवून ठेवली, आज-उद्या इकणार व्हता. अन् रजिस्टरला खुणा तर माझ्याच हायेत. रोजची सवय, हात गेला की खूण झाली."

मला राग आला. म्हटलं, "अहो, पण ठरलेलं माप आहे ना? चार घमेली म्हणजे चार घमेली. हे तुम्हाला कुणी सांगितलं, पीक बघून द्या म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, केबिनमध्ये पाहिलं होतं तसंच. "तुमीच की, मॅडम. पाटीवर तुमीच तर लिवलंय."

आणि मला आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी कुठल्याशा तपासणीच्या आधी कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना लावा, असा आदेश आला होता. बाकीच्यांनी छापील कागद चिकटवले. मला हौस फार. मी पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मळी म्हणजे जमीन. यीस्ट म्हणजे पीक. युरिया म्हणजे खत. जाणता शेतकरी पीक बघून खत देतो.' खाली 'प्रयोगशाळा' आणि माझं नाव. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं होतं. टाक्यांच्या जिन्याशेजारी ती पाटी तेव्हापासून लटकत होती. मी रोज तिच्याखालून जात होते आणि ती मला दिसत नव्हती. अंबादासभाऊंनी मात्र ती वाचली होती, लक्षात ठेवली होती, आणि बाई शिकलेल्या आहेत, विचार करूनच लिहिलं असेल, असं समजून पाळली होती.

त्यातलं एक वाक्यही यीस्टला लागू नाही. पीक पिवळं पडून सांगतं, यीस्ट सांगत नाही. फेस येतो तो साखर खाल्ल्याचा. नायट्रोजन कुठून मिळवला, दाणे खाल्ले की शेंगा फोडल्या, हे फेसावरून कधीच कळत नाही. ते टरफलांवरूनच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. हे मला माहीत होतं. पाटीवर छान वाचता यावं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

चहा घेतल्याशिवाय अंबादासभाऊंच्या घरच्यांनी सोडलं नाही. त्यांची बायको एवढंच म्हणाली, "गावात लोक म्हणून राह्यले, अंबादास, एक पोतं आमाला बी दे. हसत म्हणतेत, पण म्हणतेत." अंबादासभाऊ तिच्यावर ओरडले, "गप की, मॅडम पाहुण्या हायेत." त्यांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती गेली असती तर चोर म्हणून गेली असती, आणि गावात पुढचा सगळा जन्म तेच नाव चिकटलं असतं. माझ्या एका वाक्यानं पंचवीस वर्षं पुसली होती, आणि त्या वाक्यावर मी खूश झाले होते.

सोमवारी सकाळी मी आधी पाटी काढली. चार खिळे गंजलेले, पक्कड लागली. ती काखेत मारून मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर ठेवली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"प्रयोगशाळेची लेखी सूचना. मुकादमांनी ती पाळली. पोती जुन्या पंपहाउसमध्ये आहेत, मोजून घ्या. माल बिघडला तो या सूचनेमुळे."

त्यांनी पाटी वाचली, चष्मा काढला, परत वाचली. "मॅडम, ही सूचना नाही. ही उपमा आहे."

"लिहिताना मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. "वाचणाऱ्याला काय वाटेल ते मी विचारात घेतलं नाही."

पोती मोजली गेली. एकोणतीसच्या एकोणतीस, सगळ्यांची शिवण शाबूत. त्यानंतर मॅनेजरांनी मला एकटीला बसवलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "खुणा खोट्या आहेत, तेवढ्यावर मुकादमाला काढता येईल आणि प्रकरण तिथंच मिटेल. तुम्ही हे लिहून दिलंत तर ते तुमच्या फाइलला लागेल. मार्चची जागा माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

कशाला खोटं सांगू, मला ती जागा हवी होती. त्या खोलीला स्वतंत्र कपाट होतं आणि खिडकी मोसंबीच्या बागेकडे उघडायची. फुलोऱ्याच्या दिवसात तिथं काय वास येत असेल, याचा मी दहा वर्षं विचार केला होता. माल बिघडल्याबद्दलच्या माझ्या पहिल्या अहवालात एकच ओळ होती: यीस्टला युरिया मिळालेला नाही. तिच्याखाली मी दुसरी लिहिली: कारण प्रयोगशाळेने चुकीचे लिहून लावले होते. सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

अंबादासभाऊंना खोट्या खुणांबद्दल समज मिळाली आणि ते कामावर आले. मला एक मेमो मिळाला, साऱ्या नोकरीतला एकुलता एक. मार्चमध्ये मुख्य केमिस्टच्या जागेवर बाहेरून एक गृहस्थ आले. चांगले होते बिचारे. त्यांना बारमाही सर्दी असे, त्यामुळे वासाचं काम माझ्याकडेच राहिलं. मोसंबीच्या फुलोऱ्यात मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीत जायचे आणि खिडकीशी उभी राहायचे. ते बिनसर्दीचे असते तर मला फार वाईट वाटलं असतं.

कामावर आले त्या दिवशी मी अंबादासभाऊंना फ्युजेलच्या भांड्यापाशी नेलं, वास दिला आणि शेंगा-टरफलांची गोष्ट सांगितली. त्यांनी कान लावून ऐकावं तसं नाक लावून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी टाकी वरून खुशीत दिसली तरी आत उपाशी असू शकती."

"उपाशी नाही. पण जे मिळेल ते फोडून खात असते."

"अन् कचरा आपल्याला." त्यांनी काचनळीवर बोट टेकवलं. "मॅडम, हे तवाच काहून न्हाई सांगितलं? पाटीवर शेती काहून सांगितली? शेती आमाला येत व्हती की."

मी म्हटलं, "चुकलं माझं." ते चमकले. इतक्या वर्षांत त्यांनी हे शब्द कारखान्यात कुणाच्या तोंडून ऐकले नसावेत. मान हलवून ते टाकीकडे निघून गेले. युरिया सुरू झाल्यावर पुढच्या टाक्यांमधलं केळं गेलं, औषध कंपनीचे टँकर वेळेवर भरले. सय्यदभाईंनी नव्या मालाचे थेंब तळहातावर चोळले, डोळे मिटले आणि म्हणाले, "अब कुछ नहीं आ रहा." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

नवी पाटी लावायची होती. जुना पत्रा घासून पुन्हा रंगवला. मी कुंचला घेऊन बसले, अंबादासभाऊ शेजारी रंगाचा डबा धरून. सवय वाईट असते. शेंगांची उपमा बसेल का, असं माझ्या मनात चाललंच होतं. बहुतेक ते माझ्या तोंडावर दिसलं.

"मॅडम, औंदा गोष्ट नको," अंबादासभाऊ म्हणाले. "निस्तं लिवा, एका टाकीला चार घमेली. फेस बघू नका."

मी लिहिलं. अक्षर तेवढं वळणदार काढलं, ते काही सुटलं नाही. डबा ठेवून मी उठायला लागले तर ते म्हणाले, "नाव राह्यलं."

"आता कशाला माझं नाव? मागच्या वेळी काय झालं ते पाहिलंत ना?"

"पाहिलं म्हणून तर सांगतो. खाली तुमचं नाव व्हतं म्हणून मी हितं उभा हाय."

मी पुन्हा खाली बसले, कुंचला बुडवला आणि नाव लिहिलं.